चौदा नंबरचा ताप

डॉ. विद्युलता मोडक यांनी पहिल्या मुलीच्या जिभेखालून थर्मामीटर काढला, खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिला, धुतला, झटकला आणि दुसऱ्या मुलीच्या तोंडात घातला. दुसरीचाही तेवढाच निघाला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. दोघी एकाच खाटेवर मांडी घालून बसल्या होत्या आणि मधे पल्लांगुळीचा लाकडी पट होता. पहिल्या मुलीच्या बाजूला चिंचोक्यांचा ढीग बराच मोठा होता. तोंडात थर्मामीटर असूनही दुसरीचं लक्ष त्या ढिगावरच होतं.

"यांना ताप आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहे की," वसतिगृह सांभाळणाऱ्या विमलाक्का दारातून म्हणाल्या. त्या उंबऱ्याच्या आत येत नव्हत्या.

"कधीपासून?"

"हीस कालपासून. तीस आज पहाटे आला."

"आणि उतरणार कधी?"

"हिचा परवा सकाळी. तिचा तेरवा." विमलाक्कांना यात सांगण्यासारखं काही विशेष वाटलं नाही. "न्हाऊन कॉलेजास जातील मग."

डॉक्टर बाहेर आल्या. पडवीत चटईवर आणखी एक मुलगी दोन कांबळी पांघरून पडली होती आणि तिचे दात वाजत होते. ही अलमेलू, इंटरची. डॉक्टरांनी तिच्या तोंडात थर्मामीटर दिला. पारा एकशेतीनच्या पुढे गेला.

"आणि हिला?"

"हीसही ताप आहे," विमलाक्का म्हणाल्या, आणि जरा थांबून पुढे म्हणाल्या, "हीस जास्त आहे."

"मग ही पडवीत का? खाटेवर का नाही?"

"खोलीत जागा कुठं आहे, डॉक्टरम्मा? ताप आलेल्या मुली आहेत ना आंत."

डॉ. विद्युलता पुण्याच्या. नवरा पेरंबूरच्या रेल्वेडब्यांच्या कारखान्यात आला म्हणून त्या मद्रासला आल्या होत्या. मुलींच्या वसतिगृहांची आरोग्यतपासणी करण्याचं काम विद्यापीठाने त्यांना नुकतंच दिलं होतं. विमलाक्कांचं मराठी त्यांना ताम्रपटासारखं वाटे आणि त्यांचं मराठी विमलाक्कांना वर्तमानपत्रासारखं. तरी पारा खाली झटकायला लागतो तेवढ्या वेळात त्यांना सगळं समजलं. काही गोष्टी समजायला पुणं आणि तंजावर यांत फरक पडत नाही.

मैलापूरच्या या वसतिगृहात बावीस मुली राहत. तंजावर, कुंभकोणम, मायावरम इथल्या मराठी घरांतल्या. त्यांच्या बापांनी छापील फॉर्मवर सही केलेली असे आणि त्यातलं अकरावं कलम असं होतं की मुलगी घरातला आचार इथेही पाळील; महिन्याचे तीन दिवस दूर बसेल. हे कलम नसतं तर बावीसपैकी दोन मुलीसुद्धा मद्रासला शिकायला आल्या नसत्या. विद्यापीठाची कलमं वेगळी होती. मान्यता हवी तर आजारी मुलींसाठी स्वतंत्र खोली, दोन खाटा, एक थर्मामीटर आणि इंग्रजीत लिहिलेलं रजिस्टर. घरात रिकामी खोली एकच होती, मागे विहिरीजवळ. धर्म आणि विद्यापीठ या दोघांची त्या एका खोलीत सोय लावायची होती.

ती व्यंकोजीरावांनी लावली. हे वसतिगृहाचे सेक्रेटरी, निवृत्त सब-रजिस्ट्रार. त्यांनी खोलीवर इंग्रजी पाटी लावली, रजिस्टर आणलं, शाईची दौत आणली. ही शाई आज लिहिताना निळी दिसते, आठवड्याभरात काळी पडते आणि मग शंभर वर्षं हलत नाही, हे त्यांनी विमलाक्कांना समजावून सांगितलं. आणि इंग्रजीतला एक शब्द त्यांच्याकडून पाटीवर शंभर वेळा गिरवून घेतला. फीवर. गेली बारा वर्षं विमलाक्का रजिस्टरात तारीख, मुलीचा नंबर आणि हा शब्द लिहीत आल्या होत्या. एकदा एका मुलीचा जिन्यावरून पडून पाय मोडला, तेव्हाही त्यांनी फीवरच लिहिलं. दुसरा शब्द येत नव्हता.

अलमेलूला खाटेवर हलवल्याशिवाय डॉक्टर जागच्या हलल्या नाहीत. पल्लांगुळीवाल्या दोघींनीच तिला उचलून आत नेलं. आता ती शिवली गेलीच होती, तेव्हा बरी होऊन न्हाईपर्यंत तिचं सगळं त्या दोघींनी आणि त्यांच्यामागून येणाऱ्यांनी करावं, असं विमलाक्कांनी उंबऱ्याबाहेरून ठरवून टाकलं. त्या खोलीत कुणाची शुश्रूषा होण्याचा हा पहिलाच प्रसंग.

डॉक्टर रजिस्टर चाळू लागल्या. इतका शिस्तीचा ताप त्यांनी वैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात वाचला नव्हता. महिन्यातून एकदा यायचा, तीन दिवस राहायचा, चौथ्या सकाळी जायचा. पानं उलटता उलटता त्यांचं बोट थांबलं.

"चौदा नंबर कोण?"

"विशालाक्षी. मायावरमची. बी. एस्सी.ची मुलगी, केमिस्ट्री."

"हिला जुलैपासून ताप नाही."

विमलाक्कांच्या हातातली किल्ल्यांची जुडी वाजायची थांबली.

*

डॉक्टरांनी अहवाल लिहिला आणि त्यात एक चूक केली. चौदा नंबरच्या मुलीला सात महिन्यांत एकदाही ताप आलेला नाही, तरी तिची तपासणी व्हावी, असं त्यांनी काळजीपोटी लिहिलं. वाचणारा पुरुष आहे, त्याला काही कळणार नाही, असा त्यांचा हिशेब. फीवर हा शब्द त्या घरात आणला कुणी, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

रविवारी व्यंकोजीराव तो कागद घेऊन आले. पगडी खुंटीला लावून पडवीतल्या खुर्चीत बसले. कागद वाचून न दाखवता त्यांनी गुडघ्यावर ठेवला आणि समोरच्या तुळशीकडे बघत म्हणाले,

"विमलाक्का, यांत तीन गोष्टी संभवतात."

"होय."

"एक, मुलगी आजारी आहे. दोन..." त्यांनी दोन नंबरच्या जागी घसा साफ केला. "तीन, तिने नियम मोडला. सात महिने सोवळ्यात वावरली, पानं वाढली, देवापुढं दिवा लावला."

"होय."

"तिन्हींत मुलगी घरीच जाते. फक्त बापास पत्र कसं लिहायचं, एवढाच फरक. पुढच्या रविवारपर्यंत मला कळवा, कोणती."

"परीक्षा आहे तिची. मार्चात."

"मीनाक्षीचीही होती," व्यंकोजीराव म्हणाले. आवाजात रागबिग काही नव्हता. दस्तऐवजात आधीचा दाखला सांगावा तसं सांगितलं.

मीनाक्षी तीन वर्षांपूर्वीची. दूर बसल्याच्या दुसऱ्या दिवशी तहान लागली म्हणून कुणी पाणी देईपर्यंत न थांबता स्वतः स्वयंपाकघरात गेली. विमलाक्कांनी पाहिलं, विमलाक्कांनीच सांगितलं आणि एग्मोरला गाडीतही विमलाक्कांनीच बसवून दिलं. आता तिला दोन मुलगे आहेत. पोंगलला न चुकता तिचं कार्ड येतं, त्यात अभ्यासाविषयी अक्षर नसतं. तिचं त्रिकोणमितीचं पुस्तक मागच्या खोलीत फळीवर राहून गेलं होतं. त्या खोलीतल्या वस्तू बाहेर आणायच्या नसतात, म्हणून ते तिथंच होतं.

*

शनिवारी विमलाक्का विशालाक्षीला घेऊन बसने नुंगंबाक्कमला निघाल्या. डॉक्टरांचा दवाखाना तिथं होता. विशालाक्षी उंच, काटकुळी मुलगी. बोटांना कसल्याशा ॲसिडचे पिवळे डाग. बायकांच्या बाकावर दोघी शेजारी बसल्या. जेमिनीच्या चौकाशी विशालाक्षीने विचारलं,

"अक्का, मला काय झालं म्हणून नेताहात?"

"डॉक्टरम्मांनी बोलावलं."

"मला तर काहीच झालं नाही."

"म्हणूनच बोलावलं," विमलाक्का म्हणाल्या.

विशालाक्षीला अर्थ कळायला एक थांबा लागला. मग ती कानापर्यंत लाल झाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. तिच्या बापाने आपल्या आईचं मन मोडून तिला इथं पाठवलं होतं. आजीने मायावरममध्ये दोन स्थळं अजून थोपवून धरली होती, नात परत येईल तेव्हासाठी. हे विमलाक्कांना माहीत होतं. बावीस घरांतलं सगळंच त्यांना माहीत असे. फक्त हे सात महिने त्यांच्या नजरेतून निसटले होते, आणि याचाच त्यांना जास्त राग आला होता.

दवाखान्यात तपासणीची जागा हिरव्या पडद्यामागे होती. पडदा धुऊन धुऊन आखूड झालेला. बाकावरून विमलाक्कांना डॉक्टरांच्या चपला आणि विशालाक्षीची अनवाणी पावलं दिसत होती. पडदा लावला की आवाजही आतच राहतो, अशी बहुतेक डॉक्टरांची समजूत असते.

"सात महिने?" डॉक्टरांचा आवाज आला.

पावलं एकमेकांवर चढली.

"मला काही झालेलं नाही, डॉक्टर. दर महिन्यास होतं सगळं. मीच बसले नाही."

विमलाक्कांनी पदर घट्ट ओढून घेतला.

"गेल्या वर्षी नेमानं बसत होते. महिन्यास तीन दिवस. प्रॅक्टिकल बुडायचं. अस्क्या, सगळ्या वर्गापुढं प्रोफेसर विचारायचे, हा कसला गं ताप तुझा? रक्त तपासून आण म्हणाले. आणलं. मग क्विनिन दिलं."

"आणि?"

"खाल्लं." जरा वेळाने ती म्हणाली, "कानांत आठ दिवस गुंई वाजत होतं. हजेरी तरी कमीच पडली. माफीचा अर्ज केला तेव्हा परीक्षेस बसू दिलं. यंदा माफी नाही म्हणाले आहेत. ज्या मुलींस लेक्चरंच आहेत, त्यांचं चालतं. वह्या उतरून घेता येतात. अ‍ॅसिडचा रंग कसा बदलला, तो कुणाच्या वहीतून उतरायचा?"

"कुणाला ठाऊक आहे हे?"

"विहिरीस. पहाटे कुणी उठायच्या आत जाते."

डॉक्टर हसल्या असाव्यात. पण मुलगी हसली नाही.

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. दीपावळीच्या आदल्या दिवशी अक्कांनी मला लोणच्यास बसवलं. ती मोठी लिंबं, नारत्तंगाय, चिरायला. नेमकं त्याच सकाळी. नको म्हणायला तोंड कुठलं? अस्कं मीच केलं, चिरलं, मीठ लावलं, बरणी बांधली. बाई शिवली तर लोणचं नासतं म्हणतात ना. रोज कोठीत जाऊन बरणी हुंगते मी. बुरशी आली तर अक्कांस कळेल म्हणून."

"आली?"

"अजून नाही."

बाकावर विमलाक्कांनी आपला उजवा हात मांडीवर उलटा ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. ते लोणचं दीपावळीपासून रोज दोन्ही वेळा त्यांच्या पानात पडत होतं. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलं तेव्हापासून या हाताने सोवळं सोडून काही खाल्लं नव्हतं, निदान त्यांची तशी समजूत होती.

डॉक्टर पडद्याबाहेर आल्या. त्यांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि टॉनिकची बाटली पुढे केली.

"काळजीचं काही नाही. अशक्तपणा आहे."

"म्हणून ताप येत नव्हता?" विमलाक्कांनी विचारलं.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. विमलाक्का बाटलीवरची चिठ्ठी वाचत होत्या. ती इंग्रजीत होती.

"म्हणून," डॉक्टर म्हणाल्या.

"आता येईल?"

"आता येईल. अगदी वेळच्या वेळी."

*

बसमध्ये विमलाक्कांनी तिकिटं काढली, पिशवीत बाटली नीट उभी ठेवली आणि मग विचारलं,

"काय म्हणितलं डॉक्टरम्मांनी?"

"अशक्तपणा."

"हं. खातेस कुठं काय? नुसती काडी." थोडं पुढे गेल्यावर पुन्हा, "मार्चात कधी?"

"तीन तारखेपासून. पहिलं प्रॅक्टिकलच."

"सरी, बरं तर."

घरी आल्यावर त्या आंघोळ करून कोठीत गेल्या. दार लोटून घेतलं. नारत्तंगायची बरणी तिसऱ्या फळीवर होती. त्यांनी तोंडावरचं दादऱ्याचं फडकं सोडलं, झाकण काढलं, आत वाकून पाहिलं. तीन महिन्यांत एवढ्या बारकाईने त्यांनी पाहिलं नव्हतं. पाहायचं काही कारणच पडलं नव्हतं. फोडी पिवळसर, नितळ होत्या, खार वर आलेला. कडेला, तळाला, झाकणाच्या आतल्या बाजूला, कुठं पांढरा ठिपकासुद्धा नाही. असता तर सगळं सोपं झालं असतं.

एक फोड त्यांनी तळहातावर घेतली. ती तशीच धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर कुणीतरी विहिरीवर घागर आपटली. मग त्यांनी ती फोड तोंडात टाकली आणि सावकाश चावली.

त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला वाढायची पाळी विशालाक्षीची होती. मुली जेवून उठल्या. विमलाक्का नेहमीप्रमाणे शेवटी पानावर बसल्या. विशालाक्षीने भात वाढला, अंबटी वाढली आणि लोणच्याच्या भांड्याशी येऊन तिचा हात अडखळला.

"वाढ की," विमलाक्का म्हणाल्या.

तिने वाढलं.

"यात मीठ कमी घातलंस तू."

विशालाक्षी हातात पळी घेऊन उभीच राहिली.

"मीठ हात राखून घालू नये," विमलाक्का भात कालवत म्हणाल्या. "नासायचं ते मीठ कमी पडलं म्हणून नासतं. पुढल्या खेपेस ध्यानात ठेव. आता तूप वाढ, बघत काय राहिलीस?"

*

रविवारी सकाळी मुली देवळात गेल्या होत्या. विमलाक्कांनी रजिस्टर, दौत आणि टाक घेऊन मागच्या पडवीत पाट मांडला. दर महिन्याच्या शेवटी एक ओळ मोकळी सोडायची त्यांची सवय होती. पान गिचमीड दिसू नये म्हणून. अशा सात ओळी होत्या. त्यांनी तारखा मनाशी जुळवल्या, चौदा हा आकडा सात वेळा लिहिला आणि त्याच्यापुढे आपल्याला येत असलेलं सगळं इंग्रजी सात वेळा लिहिलं.

मग खोलीच्या उंबऱ्याशी गेल्या. अलमेलूचा ताप उतरला होता आणि ती उशीला टेकून पेज पीत होती. "ते फळीवरचं पुस्तक दे गं इकडं," विमलाक्का म्हणाल्या. अलमेलूने त्रिकोणमितीचं पुस्तक उंबऱ्याबाहेर ठेवलं. विमलाक्कांनी ते उचललं, पदराने धूळ पुसली आणि आत कपाटात नेऊन ठेवलं.

व्यंकोजीराव दहा वाजता आले. पगडी खुंटीला लावली, खुर्चीत बसले.

"कोणती?"

विमलाक्कांनी आधी डॉक्टरांचा कागद दिला. त्यांनी वाचला. "तपासली. प्रकृती ठीक." म्हणजे एक गेली आणि दोनही गेली. व्यंकोजीरावांनी सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच पुन्हा ताठ झाले. "मग तिसरी."

"तिसरीही नाही. डॉक्टरम्मांनी घाईत पाहिलं असेल. हे बघा की."

रजिस्टर त्यांच्या मांडीवर आलं. त्यांनी चष्मा सावरला. जुलै पाहिला. ऑगस्ट पाहिला. ऑक्टोबरपाशी बोट ठेवून म्हणाले,

"या तारखेस तिघी आहेत."

"होय."

"खाटा दोन."

"मुली सडपातळ आहेत," विमलाक्का म्हणाल्या.

व्यंकोजीरावांनी पान उजेडाकडे तिरपं धरलं. एकतीस वर्षं त्यांनी खरेदीखतं, गहाणखतं, मृत्युपत्रं अशीच तिरपी धरून पाहिली होती. मद्रास इलाख्यात त्यांच्या डोळ्यांना फसवून गेलेली शाई नव्हती, असं लोक म्हणत आणि तेही म्हणू देत. पानावर वरपासून खालपर्यंत सगळं काळं होतं. प्रत्येक महिन्याच्या शेवटी एक ओळ मात्र मोराच्या मानेसारखी निळी होती.

त्यांनी एक एक करून सातही पानं पाहिली. विमलाक्का समोर उभ्या होत्या. किल्ल्यांची जुडी त्यांच्या मुठीत होती आणि ती वाजू नये म्हणून त्यांनी ती घट्ट धरली होती. बारा वर्षांत त्यांनी या माणसापुढे खोटं असं एकही केलं नव्हतं. केलं ते या माणसानेच शिकवलेलं.

देवळातून परतणाऱ्या मुलींचा आवाज गल्लीत येऊ लागला. त्यांत विशालाक्षीचा होता की नाही, ते कळत नव्हतं.

"ही शाई," व्यंकोजीराव अखेर म्हणाले, "काळी पडायला आठवडा लागतो."

"तुम्हीच सांगितलं होतं."

"सावलीत."

"आणि उन्हात?"

"उन्हात जरा लवकर." त्यांनी रजिस्टर मिटलं, विमलाक्कांच्या हातात परत दिलं, चष्मा काढून डबीत घातला. "आज मला नीटसं दिसत नाही. पुढच्या रविवारी येऊन तपासतो."

खुंटीवरची पगडी घालून ते पायऱ्या उतरले. फाटकाशी मुलींचा घोळका भेटला, तेव्हा बाजूला उभे राहून त्यांनी सगळ्यांना आत जाऊ दिलं.

त्या आठवड्यात विमलाक्कांनी मागच्या अंगणात रोज दोन वस्तू उन्हाला ठेवल्या. नारत्तंगायच्या बरणीत त्यांनी आणखी दोन मुठी मीठ घातलं होतं, तेव्हा तिला ऊन दाखवणं भागच होतं. तिच्या शेजारी रजिस्टर उघडं असे. वारा आला की पानं फडफडत, म्हणून त्यांवर त्यांनी टॉनिकची बाटली ठेवली होती.